मत्स्यसाठ्याचे मूल्यमापन : पूर्व विदर्भातील तलाव आणि नद्या

एखाद्या पाण्यात मासे किती आहेत, कोणत्या जातींचे आणि आकारांचे आहेत, किती वेगाने वाढतात आणि दरवर्षी त्यांतले किती काढले तरी साठा टिकेल, हे ठरवण्याला मत्स्यसाठ्याचे मूल्यमापन म्हणतात. मासे जिथे चरतात, अंडी घालतात आणि उन्हाळा काढतात त्या जागांची पाहणी हाही त्याचाच भाग आहे. हे शास्त्र मुख्यतः समुद्रातल्या मासेमारीसाठी घडले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या मामा तलावांना, म्हणजे माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातल्या) तलावांना, आणि वैनगंगेच्या डोहांना ते लावायचे तर बऱ्याच गोष्टी नव्याने जुळवाव्या लागतात.

हे तलाव गोंड राजवटीत प्रामुख्याने कोहळी समाजाने धानाच्या ओलितासाठी बांधले. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जाते. पावसाळ्यात त्याच वाटेने, बांध्यांमधून (धानाच्या वाफ्यांमधून) आणि नाल्यांतून, मासे अंडी घालायला वर चढतात. 1950 च्या कायद्याने तत्कालीन मध्य प्रदेशात मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. आता मासेमारी ढिवर, भोई, केवट, कहार समाजांच्या मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने करतात, पण पाणी सोडण्याचा निर्णय ओलिताच्या गरजेवर होतो. कोणत्याही तलावाचे मूल्यमापन या दुहेरी मालकीपासूनच सुरू करावे लागते, कारण माशांचे नशीब उन्हाळ्यात उरणाऱ्या पाण्यावर ठरते.

उष्ण पाण्यातली पहिली अडचण वयाची. थंड देशांत हिवाळ्यात माशाची वाढ खुंटते, त्यामुळे खवल्यावर आणि कानातल्या खड्यावर वर्षावर्षाची वलये उमटतात आणि ती मोजून वय कळते. बेव्हर्टन आणि होल्ट या मत्स्यशास्त्रज्ञांच्या 1957 मधल्या प्रसिद्ध मांडणीत माशांचे वय माहीत असणे गृहीत होते. आपल्याकडे ही वलये पुसट असतात, कधी वर्षात दोनदाही उमटतात. म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास लांबीवर आधारलेली पद्धत पुढे आणली. दर महिन्याला पकडीतल्या माशांची लांबी मोजायची आणि कोणत्या लांबीचे किती मासे याचा आलेख काढायचा. आलेखातले उंचवटे महिन्यामहिन्याला पुढे सरकतात, त्यावरून वाढीचा वेग निघतो. पॉली यांनीच 1980 मध्ये 175 मत्स्यसाठ्यांची माहिती एकत्र करून दाखवले की पाणी जितके उबदार तितकी माशांची नैसर्गिक मरणसंख्या जास्त. उन्हाळ्यात तापणाऱ्या उथळ तलावात मासा लवकर वाढतो आणि लवकर मरतोही.

दुसरी अडचण एकाच जाळ्यात अनेक जाती येण्याची. कतल्यासाठी योग्य असलेल्या फासातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, सिंगूरसारखा लहान मासा निसटतो, आणि सिंगूर धरणाऱ्या बारीक फासात कतल्याची बोटुकलीही (बोटाएवढी पिल्ले) सापडतात.

मामा तलावात माशांचे दोन हिशेब असतात आणि ते वेगळे ठेवणे ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. रोहू, कतला, मृगळ हे मासे पूर आलेल्या वाहत्या नदीत अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी अंतःस्राव (हार्मोन) टोचून प्रजनन घडवण्यात यश मिळवले आणि त्यानंतर या जातींचे बीज, म्हणजे लहान पिल्ले, मागणीप्रमाणे मिळू लागले. या जातींची नवी भरती म्हणजे संस्थेने सोडलेले बीज, तेवढेच. त्यातले किती जगले आणि किती वाढले, एवढाच प्रश्न उरतो. लहान बीज मरळ आणि सिंगूर फस्त करतात, म्हणून जलाशयांसाठी 100 मिमीपेक्षा मोठी बोटुकली सोडावीत असे सांगितले जाते. या माशांना लवकर धरले तर नुकसान वजनाचे होते. मरळ, मांगूर, सिंगूर या स्थानिक जाती तलावातच वितात. त्यांची वीण होण्याआधी धरपकड झाली तर पुढची पिढीच बुडते. संस्थेच्या वहीत बहुधा बीज आणि विक्रीचे किलो असतात. स्थानिक मासे ‘इतर’ या एका रकान्यात बसतात, तेही सगळे नाहीत. लहान मासे पाळीवरच (तलावाच्या बांधावरच) वेगळे काढून घरच्या कालवणाला जातात किंवा सुकवले जातात. त्यामुळे आठवडी बाजारातल्या टोपलीवरून साठ्याचा अंदाज बांधला तर लहान मासे हिशेबात येतच नाहीत. मोजणी पाळीवर, निवड होण्याआधीच करायला हवी.

मरळीच्या बाबतीत एक सोपा निर्देशांक उपलब्ध आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिची तांबूस पिल्ले वनस्पतींमधल्या मोकळ्या जागेत दाट पुंजक्याने पृष्ठभागावर येतात. खालून पालक राखण करत असतात आणि पुंजका सरकेल तसे सरकतात. एक पुंजका म्हणजे वीण झालेली एक जोडी. ठरावीक काठ ठरावीक दिवसांनी चालून पुंजके मोजले, तर जाळे न टाकताही वीण वाढते की घटते हे दिसते. याच वेळी राखणदार मरळीला गळ लावणे सोपे असते, आणि तेव्हा एका माशाबरोबर अख्खा पुंजका जातो.

पकड आणि श्रम यांचे गुणोत्तर, म्हणजे एका जाळ्याला एका रात्रीत किती किलो लागले, हे साठ्याचे नेहमीचे माप आहे. आटणाऱ्या तलावात मात्र ते फसवते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी पाळीजवळच्या खोलगट भागापुरते उरते, मासे तिथे दाटतात आणि जाळे जड येते. पकड वाढली म्हणून साठा वाढला असे कागदावर दिसते, प्रत्यक्षात शिल्लक साठा काढून घेणे चालू असते. म्हणून एका वर्षाची तुलना दुसऱ्या वर्षाशी करताना महिना, पाण्याची पातळी, जाळ्याचा फास आणि लांबी सारखीच असली पाहिजे. पातळीसाठी तलावात उभी केलेली खुणांची एक बल्ली पुरते.

लहान तलावात खुणेचे मासे सोडूनही संख्या काढता येते. समजा, 200 माशांच्या पराला खूण करून सोडले. काही दिवसांनी 150 धरले आणि त्यांत 15 खुणेचे निघाले, तर एकूण मासे 200 गुणिले 150 भागिले 15, म्हणजे सुमारे 2,000. मधल्या काळात सांडवा वाहिला असेल तर हे गणित लागू पडत नाही.

क्षेत्राच्या पाहणीत खोली, गाळ, पाण्याखालच्या वनस्पती आणि चढणीच्या वाटा नोंदवतात. गाळपेरात, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत, बेशरम हे झुडपी तण माजले की मोकळा उथळ काठ आणि तिथली देशी वनस्पती जाते, आणि तीच अनेक स्थानिक माशांची अंडी घालण्याची जागा असते. गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडल्यानेही हेच घडू शकते. 1959 मध्ये भारतात आणलेली ही जात वनस्पतींवरच जगते. स्फोटक आणि विष वापरून मासे मारायला 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केलेली आहे. चढणीच्या नाल्यावर आडवा सापळा लावण्याबद्दल मात्र गावानेच नियम करावा लागतो.

नदीचे काम अधिक अवघड आहे. वैनगंगेत उन्हाळ्यात मासे डोहांत आसरा घेतात. पावसात तेच मासे अनेक गावांच्या हद्दी ओलांडतात. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाने ही वाट अडली आहे, आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे त्याच जलाशयात येते. इथे एका संस्थेची वही एकाच डोहापुरती खरी असते. धरणाच्या वरच्या आणि खालच्या गावांनी एकाच महिन्यात, एकाच पट्टीने, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी मोजली, तरच त्या नोंदी शेजारी शेजारी ठेवता येतात.