घरी बांधलेला ४० मीटरचा डायपोल : ॲनालायझरने मोजणी आणि जुळवणी

आमच्याकडून तार, कोॲक्सियल केबल (मधली तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेली केबल) आणि बालन (केबल व अँटेना यांच्या जोडणीवर बसवायचा घटक) नेऊन स्वतः अँटेना बांधणाऱ्या हॅम (हौशी रेडिओ) ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. भारतात हॅमसाठीचा ४० मीटर तरंगलांबीचा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ असल्याने येथे ७.१ मेगाहर्ट्झसाठीचा, मधोमध उंच आणि दोन्ही टोकांना उतरता असा डायपोल (मध्यबिंदूला केबल जोडलेला, दोन समान भुजांचा तारेचा अँटेना) गृहीत धरला आहे.

१४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी ती सुमारे २०.१४ मीटर येते. हा आकडा केवळ सुरुवातीचा आहे, कारण तारेवरचे प्लॅस्टिक आवरण, जमिनीपासूनची उंची, जवळची पत्र्याची शेड किंवा गच्चीतील लोखंडी सळ्या यांमुळे अनुनादाची वारंवारता (ज्या वारंवारतेशी अँटेना आपसूक जुळतो ती) सरकते. म्हणून तार अर्धा मीटर जास्त ठेवावी आणि अँटेना कायमच्या जागी, कायमच्या उंचीवर चढवूनच मोजावा. अंगणात कमरेएवढ्या उंचीवर घेतलेले माप गच्चीवर उपयोगी पडत नाही.

नॅनोव्हीएनएसारखा ॲनालायझर, म्हणजे अँटेना मोजणारे उपकरण, वापरताना प्रथम ६.५ ते ७.५ मेगाहर्ट्झ असा पल्ला निवडून ओपन (उघडे टोक), शॉर्ट (एकमेकांना जोडलेले टोक) आणि ५० ओहम लोड या तिन्हींनी कॅलिब्रेशन (उपकरणाच्या मापाची जुळणी) करावे. पल्ला बदलल्यास ते पुन्हा करावे. शक्य असल्यास हे कॅलिब्रेशन केबलच्या अँटेनाकडील टोकाला करावे, म्हणजे केबलचा परिणाम वजा होऊन अँटेनाचेच माप दिसते. जोडणीपूर्वी केबलची मधली तार आणि जाळी क्षणभर एकमेकींना टेकवावी, कारण लांब तारेवर साठलेला स्थिर विद्युतभार उपकरण निकामी करू शकतो. ढग गडगडत असताना मोजणी करू नये, आणि ॲनालायझर जोडलेला असताना त्या केबलवर ट्रान्समीटर कधीही चालवू नये.

केवळ एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे दाखवणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) पाहून तार कापू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. रोध आणि रिॲक्टन्स (प्रवाहाच्या अडथळ्याचा वारंवारतेनुसार बदलणारा, धन किंवा ऋण असणारा भाग) हे दोन्ही आकडे पाहावेत. रिॲक्टन्स जेथे शून्य होतो, तेथे अँटेना अनुनादात असतो, ७.१ वर तो धन असेल तर तार लांब आहे आणि ऋण असेल तर आखूड आहे. ही खूण केबलच्या अँटेनाकडील टोकाशी कॅलिब्रेशन केलेले असेल तरच विश्वासाची, कारण केबल मध्ये आली की हे आकडे बदलतात. अनुनादात रोध २५ ओहम असेल, तर एसडब्ल्यूआर २ च राहील आणि कितीही तार कापली तरी तो सुधारणार नाही. तेथे दोन भुजांमधील कोन किंवा उंची बदलावी लागते.

समजा, २०.६ मीटर तारेचा अनुनाद ६.८५ वर मिळाला. लांबीला ६.८५ ने गुणून ७.१ ने भागल्यास १९.८७ मीटर येतात, म्हणजे प्रत्येक बाजूने सुमारे ३६ सेंटीमीटर कमी करायचे आहेत. आधी त्याच्या निम्मेच करावे आणि तेही न कापता तार टोकाला उलट दुमडून तिच्यावरच घट्ट पिळून घ्यावी. शेवटी एकूण लांबीतील एका सेंटीमीटरमागे वारंवारता साधारण ३.५ किलोहर्ट्झने सरकते, हे लक्षात ठेवल्यास पुढचे दुमडणे अंदाजाने करावे लागत नाही.

केबलला हात लावताच आकडे हलत असतील, तर केबलच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून प्रवाह वाहत आहे. अशा वेळी तार न छाटता अँटेनाच्या मध्यबिंदूशी १:१ चोक बालन (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा बालन) बसवावा.

पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर आपोआप सुधारलेला आणि संपूर्ण पट्ट्यात सपाट झालेला दिसला, तर केबलमध्ये पाणी शिरले आहे का ते आधी तपासावे. हानी वाढलेली केबल परावर्तित शक्ती वाटेतच शोषून घेते आणि एसडब्ल्यूआर असतो त्यापेक्षा चांगला दिसतो. यासाठी पहिल्या यशस्वी जुळवणीच्या दिवशीच पट्ट्याच्या दोन्ही टोकांचे आणि मधले आकडे, तारेची लांबी, मध्यबिंदूची उंची आणि केबलचा प्रकार व लांबी लिहून ठेवावी. सल्ल्यासाठी आमच्याकडे येताना हीच नोंद सोबत आणावी.