मशरूम घेऊ का, गोळ्या चालू आहेत

सध्या रील फिरतायत की मॅजिक मशरूमच्या, म्हणजे नशा आणणाऱ्या मशरूमच्या, एका डोसात डिप्रेशन गायब, आणि मग ऑफिस सुटल्यावर टपरीवर कटिंग पिताना कोणीतरी हळूच विचारतंच, अरे माझ्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत पण गोव्याला चाललोय, तिकडे मिळालं तर ट्राय करू का. लेक्चर देत नाही. फक्त ज्या रिसर्चच्या जिवावर ही रील बनतात त्यात नक्की कोणाला घेतलं होतं ते बघू.

२०२२ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली ट्रायल, म्हणजे माणसांवरची औषधाची चाचणी घ्या. २३३ लोक, सगळ्यांना औषधांना दाद न देणारं डिप्रेशन, आणि मशरूममधल्या सायलोसायबिनचा एकच डोस, कोणाला २५ मिलिग्रॅम, कोणाला १०, कोणाला नावापुरता १. तीन आठवड्यांनी २५ वाल्यांपैकी साधारण ३७ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने तरी कमी झाली, १ वाल्यांपैकी १८ टक्के. फरक खरा आहे, मी नाकारत नाही. पण मोठा डोस घेऊनही निम्म्याहून जास्त लोकांना तेवढं बरं वाटलं नाही, आणि आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करणं हे तिन्ही गटांत दिसलं, ते मात्र रीलमध्ये येत नाही.

आता खरी गोम. या लोकांच्या डिप्रेशनच्या गोळ्या आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या होत्या, डोसच्या वेळी थेरपिस्ट तासन् तास शेजारी बसून होता, आणि बायपोलर (मूड कधी खूप वर, कधी खूप खाली) किंवा सायकोसिस (भास, भ्रम होणं) असलेल्यांना अशा ट्रायलमध्ये सहसा दारातच थांबवतात. घरात जवळच्या कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तरी बऱ्याचदा नाही म्हणतात. आपल्याकडे तर ही माहितीच नसते हो, मुलांची लग्नं जमवायची असतात म्हणून काकांचा आजार "जरा तापट होते" एवढ्यावर मिटवलेला असतो. त्यामुळे माझ्या मते पहिला प्रश्न हा की त्या ट्रायलने मला आत घेतलं असतं का.

गोळ्यांचं म्हणाल तर सायलोसायबिन शरीरात गेल्यावर त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सिरोटोनिन या रसायनाच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन जिथे चिकटतं त्या जागेवर, जाऊन बसतं. नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळ्याही सिरोटोनिनवरच काम करतात, म्हणून त्या चालू असताना बऱ्याच जणांना ट्रिप, म्हणजे नशेचा अनुभव, फिकी वाटते. मग लोक एकतर डोस वाढवतात नाहीतर गोळ्या अचानक बंद करतात, आणि हे दुसरं जास्त वाईट, कारण चक्कर, झोपेचं खोबरं, डोक्यात करंट लागल्यासारखं होणं आणि त्यात मूळ आजार परत उफाळून येण्याची भीती.

लिथियम, म्हणजे बायपोलरसाठी दिलं जाणारं औषध, ही वेगळीच गोष्ट. लोकांनी स्वतः लिहून ठेवलेले अनुभव तपासणारा एक अभ्यास २०२१ ला आला, त्यात लिथियमवर असताना सायकेडेलिक (सायलोसायबिन, एलएसडीसारखी नशा) घेतल्याचे ६२ अनुभव होते आणि त्यातल्या ४७ टक्क्यांत फिट आली होती. बायपोलरमध्येही दिल्या जाणाऱ्या लॅमोट्रिजिन या दुसऱ्या औषधाच्या अनुभवांत एकही नाही. ज्याला त्रास होतो तोच जास्त लिहितो हे मान्य, आकडा थोडा फुगलेला असू शकतो, तरी लिथियम चालू असेल तर माझं उत्तर सरळ नाही असंच आहे. शिवाय बायपोलरमध्ये मॅनिया, म्हणजे मूड अनावर वर जाणं, भडकायचा धोका आहेच.

आणि पार्टीत मिळणारा "पेपर" (नशेचं केमिकल लावलेला कागदाचा छोटा तुकडा) एलएसडीचाच असेल याची गॅरंटी कोण देणार? एन-बोम नावाचं केमिकल एलएसडी म्हणून विकलं जातं आणि त्याने जीव गेलेत. कायद्याचं तर विचारूच नका, १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात सायलोसायबिन आणि एलएसडी दोन्ही आहेत, एलएसडी ०.१ ग्रॅमलाच कमर्शियल क्वांटिटी (धंद्याइतका साठा) धरतात म्हणजे किमान १० वर्षं आत.

गोळ्या खाऊन खाऊन कंटाळा आला असेल तर तो खराच असतो, तो सायकियाट्रिस्टला तसाच सांगा. केटामाइन हा वेगळा पण कायदेशीर पर्याय आहे, भारतात ते डिप्रेशनसाठी डॉक्टर बीपी वगैरे बघत देतात, तुम्हाला चालेल का ते विचारता येईल. रात्री-अपरात्री मन फारच बिघडलं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि कोणी घेऊन बसलंच आणि फिट आली, तर सायन, नायर, केईएम, जे जवळ असेल तिथे कॅज्युअल्टीत न्या आणि काय घेतलंय, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सगळं खरं सांगा, घरचे बाजूला उभे असले तरी.