डिस्ने-पिक्सार अधिग्रहण

वॉल्ट डिस्ने कंपनीने २००६ साली पिक्सार हा ॲनिमेशन स्टुडिओ विकत घेतला. घोषणा २४ जानेवारीला झाली आणि ५ मे रोजी व्यवहार पूर्ण झाला. सौदा सुमारे ७.४ अब्ज डॉलरचा, पण तो रोखीत नव्हता. पिक्सारच्या एका समभागामागे डिस्नेचे २.३ समभाग देण्यात आले. पिक्सारचे जवळपास निम्मे समभाग स्टीव्ह जॉब्ज यांच्याकडे होते. त्यामुळे कंपनी विकणारे जॉब्जच डिस्नेचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक ठरले आणि संचालक मंडळावर जाऊन बसले.

दोन्ही कंपन्यांचा संबंध जुना आणि कुरबुरींचा होता. ‘स्टार वॉर्स’ काढणाऱ्या लुकासफिल्म या चित्रपट कंपनीच्या संगणक विभागातला एक गट १९८६मध्ये जॉब्ज यांनी घेतला आणि त्याची पिक्सार ही स्वतंत्र कंपनी झाली. १९९१च्या करारातून आलेला ‘टॉय स्टोरी’ (१९९५) हा संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. १९९७च्या नव्या कराराने खर्च आणि नफा निम्मा-निम्मा झाला. पात्रांची मालकी मात्र डिस्नेकडेच राहिली. शिवाय त्यात एक मेख होती: ठरलेल्या पाच चित्रपटांत उत्तरभाग मोजायचे नाहीत. ‘टॉय स्टोरी २’ तुफान चालला, तरी हिशेबात धरला गेला नाही. जॉब्ज आणि डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख मायकेल आइसनर यांचे बिनसले होतेच. जानेवारी २००४मध्ये जॉब्ज यांनी बोलणी मोडली. मग पिक्सारच्याच चित्रपटांचे पुढचे भाग पिक्सारला वगळून काढण्यासाठी डिस्नेने ‘सर्कल सेव्हन’ नावाचा वेगळा स्टुडिओ थाटला.

ऑक्टोबर २००५मध्ये बॉब आयगर यांनी आइसनर यांच्याकडून सूत्रे घेतली. त्याच्या काही आठवडे आधी हाँगकाँग डिस्नेलँडच्या उद्घाटनाची मिरवणूक पाहताना आयगर यांना एक गोष्ट खटकली होती. जुन्या पात्रांमागून येणारी अलीकडची पात्रे जवळजवळ सगळी पिक्सारची होती. डिस्नेच्या स्वतःच्या ॲनिमेशन विभागाने दहा वर्षांत तसे कोणी जन्मालाच घातले नव्हते. पुढे ॲपलच्या बैठकीच्या खोलीत आयगर आणि जॉब्ज यांनी फळ्यावर फायदे-तोटे मांडले, तेव्हा जॉब्ज यांनी लिहिलेला पहिलाच तोटा होता: डिस्नेची कार्यसंस्कृती पिक्सारची वाट लावेल. आयगर यांच्या आठवणीप्रमाणे तोट्यांची यादी लांबतच गेली. फायदे मोजकेच, पण वजनदार.

या भीतीनेच सौद्याला आकार दिला. पिक्सारचे नाव आणि कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलचे तिचे आवार कायम राहिले. जपायच्या गोष्टींची यादीच तयार झाली होती. खरी नवलाई मात्र उलट दिशेची होती. पिक्सारचे एड कॅटमल पिक्सार आणि डिस्ने ॲनिमेशन या दोन्ही स्टुडिओंचे अध्यक्ष झाले आणि जॉन लॅसेटर दोन्हीकडचे मुख्य सर्जनशील अधिकारी. म्हणजे खरेदीदाराने आपल्या मूळ व्यवसायाच्या किल्ल्या विकत घेतलेल्यांच्या हाती दिल्या. दोन्ही स्टुडिओ एकत्र करायचे त्यांनी टाळले. अडचण आली तरी एकाने दुसऱ्याची माणसे उसनी घ्यायची नाहीत, असा दंडकच घातला. सर्कल सेव्हन बंद झाला.

फळ आधी डिस्नेच्या पदरात पडले, असे म्हणायला हरकत नाही. ‘टँगल्ड’ (२०१०) आणि त्यामागून ‘फ्रोझन’ (२०१३) यांनी मरगळलेला विभाग उभा केला. पिक्सारच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे: २०१० ते २०१९ या काळात आलेल्या तिच्या ११ चित्रपटांपैकी ७ आधीच्याच कथांचे पुढचे किंवा मागचे भाग होते. लॅसेटर २०१८च्या अखेरीस बाहेर पडले. कर्मचाऱ्यांशी गैरवर्तनाच्या तक्रारींमुळे ते त्याआधीच रजेवर गेले होते.

नाव आणि घडी न मोडता स्टुडिओ विकत घेण्याची हीच रीत डिस्नेने २००९मध्ये मार्व्हलच्या खरेदीत वापरली. २०१२मध्ये लुकासफिल्मही डिस्नेकडे आली. पिक्सार जिच्यातून बाहेर पडली होती, तीच ही कंपनी.