एकदाच उघडणारा डबा

गाडीच्या इंजिनात तेल ओतायचं तर आज बाटलीचं बूच फिरवलं की झालं. १९८० च्या दशकात प्लॅस्टिकच्या बाटल्या येईपर्यंत अमेरिकेत या कामाला एक खास अवजार लागायचं: पोलादी तोटी आणि तिच्या मागच्या टोकाला अर्धगोल वळवलेलं धारदार पातं. तेलाचा डबा म्हणजे वरून-खालून पत्र्याने कायमचं बंद केलेलं नळकांडं. पातं वरच्या पत्र्यावर कडेलगत टेकवायचं, तळहाताने जोर द्यायचा. खच्चकन पत्रा फाटायचा आणि तोटी तिथेच घट्ट बसायची. मग डबा उचलून इंजिनाच्या तोंडाशी तिरका करायचा. ज्यांनी हे केलंय, ती माणसं त्या आवाजाविषयी आजही हळवेपणाने बोलतात, आणि त्यांचा हळवेपणा मला अगदी रास्त वाटतो. त्या डब्यात एक प्रामाणिकपणा होता.

त्याआधी तेल सुटं विकलं जाई. पंपावरच्या टाकीतून ते काचेच्या बाटल्यांत भरून ठेवत आणि बाटलीच्या तोंडाला पत्र्याची निमुळती तोटी लावत. गिऱ्हाइकाला तेल डोळ्यांनी दिसायचं खरं, पण इंजिनाच्या दृष्टीने मोलाचा गुण डोळ्यांना दिसतच नाही. तो गुण म्हणजे श्यानता, द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध. डब्यावरचे ‘एसएई ३०’, ‘एसएई ४०’ हे आकडे तिचेच. एसएई म्हणजे अमेरिकेतली वाहन अभियंत्यांची संस्था; तिची ही प्रतवारी १९११ साली सुरू झाली. ३० क्रमांकाचं तेल नेहमीच्या तापमानाला पाण्याच्या सुमारे दोनशे पट श्यान असतं, १०० अंश सेल्सिअसला ते त्याच नेहमीच्या तापमानाच्या पाण्याच्या जेमतेम दहापट उरतं. तापलेल्या इंजिनात धातूवर धातू घासू न देणारा पातळ थर याच उरलेल्या श्यानतेवर टिकून असतो. हलकं तेल नामांकित कंपनीच्या नावाने बाटलीत भरून दिलं, तर गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही.

१९३० च्या दशकात एक क्वार्ट, म्हणजे ९४६ मिलिलिटरचे सीलबंद डबे आले ते यासाठी. डबा तुमच्यासमोर फोडला जाई आणि एकदा फोडलेला पत्रा पुन्हा सांधता येत नसे. आपल्याकडे टू-स्ट्रोक स्कूटर आणि रिक्षांमध्ये पेट्रोलबरोबर मिसळायचं ‘टू-टी’ तेल पंपावर सुटं मापून मिळायचं. निकृष्ट किंवा गरजेपेक्षा जास्त तेल पडलं की मागून निळसर धूर. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ मध्ये या सुट्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली. आणि आजही बनावट तेल मूळ कंपनीच्या रिकाम्या बाटल्यांत भरून विकल्याच्या बातम्या येतात. बूच फिरवून उघडलेली बाटली पुन्हा भरता येते. फोडलेला डबा नाही. म्हणून रिकामी बाटली भंगारात देण्याआधी तिला भोक पाडावं, हे मी आग्रहाने सांगेन.

पातं कडेलगतच का रोवायचं? कडेला झाकणाचा आणि अंगाचा पत्रा एकमेकांत दुमडलेला असतो, त्यामुळे तिथे आधार मिळतो. मधोमध दाबलं तर पत्रा आधी खोलगट होतो आणि जोर वाया जातो. शिवाय डबा तिरका केला की भोक सगळ्यात खालच्या कोपऱ्यात येतं, तेल मागे अडून राहत नाही.

तेल बाहेर पडू लागलं की आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरू पाहते. तिला वाट एकच, तीही तेलाने भरलेली. मग धार थांबते, एक बुडबुडा भसकन वर चढतो, धार पुन्हा सुरू होते. मुरलेले हात समोरच्या कडेला दुसरं बारीक भोक पाडायचे; हवेला स्वतंत्र वाट मिळाली की धार अखंड.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो शेवट. डबा रिकामा झाला असं वाटतं, पण आतल्या भिंतीवर तेलाचा थर असतो आणि तो गुरुत्वाकर्षणाने हळूहळू ओघळत राहतो. त्याची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे थर निम्मा व्हायला चौपट वेळ लागतो, एकदशांश व्हायला शंभरपट. साधा हिशेब मांडला तर नेहमीच्या हवेत मिनिटभर उपडा धरलेल्या क्वार्टच्या डब्यात सहा-सात मिलिलिटर तेल उरतं. दहा तास उपडा ठेवला तर पाव मिलिलिटरच्या आसपास. रिकामे डबे रात्रभर उलटे ठेवून सकाळी तळाचं तेल वापरणारे लोक होते. त्यांना हे गणित हाताने माहीत होतं. कडाक्याच्या थंडीत श्यानता दहापट वाढली, तर थर सुमारे तिप्पट जाड राहतो.

पुढे पोलादी अंगाऐवजी आतून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेला पुठ्ठा आला, फक्त वरखाली धातू. ही स्वस्त जात तोटी जोरात दाबली की चेपायची. प्लॅस्टिकच्या बाटलीने तोटीची गरजच संपवली, आणि अर्धं तेल वापरून उरलेलं बूच लावून ठेवण्याची सोय दिली, ती मोठीच.

अनेक बाटल्यांचं तोंड मधोमध नसून एका बाजूला असतं, ते हवेसाठीच. बाटली आडवी करताना तोंड खालच्या नव्हे, वरच्या बाजूला येईल अशी धरा. तेल तोंडाच्या खालच्या भागातून वाहतं, हवा वरच्या भागातून आत जाते आणि इंजिनावर शिंतोडे उडत नाहीत. भिंतीवरचा थर मात्र बाटलीतही त्याच वर्गमुळाच्या नियमाने उतरतो. तेलकट बाटल्यांचं प्लॅस्टिक वितळवून पुन्हा वापरणं त्या थरामुळेच अवघड होतं, तेव्हा भंगारात टाकण्याआधी ती रात्रभर बरणीवर उपडी ठेवलेली बरी.