टूरिंग सायकलचा फोर्क आणि स्टेम

पुढचे चाक धरणारा फोर्क आणि त्याच्या नळीला हँडलबार जोडणारा स्टेम, हे सायकलचे दोन बदलता येणारे भाग. सायकल वळवताना दोन्ही हाताला जाणवतात, म्हणून त्यांची गल्लत होते. प्रत्यक्षात सायकलचे वळण मुख्यतः फोर्कवर अवलंबून असते. स्टेममुळे बदलते ती चालकाची बैठक. फोर्कची चूक स्टेम बदलून सुधारत नाही.

हँडल ज्या अक्षाभोवती फिरते ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकते त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. चाकाची त्रिज्या, हेड ट्यूबचा (फोर्कची नळी जिच्यात फिरते त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा) जमिनीशी होणारा कोन आणि फोर्कचा ऑफसेट (चाकाचा आस त्या रेषेच्या किती पुढे आहे ते अंतर) यांवरून ट्रेल ठरतो. ऑफसेट वाढला की ट्रेल घटतो. हे उलटे नाते नवख्यांना हमखास चकवते. कोन ७२ अंश आणि त्रिज्या ३४० मिमी धरल्यास ४५ मिमी ऑफसेटला ट्रेल सुमारे ६३ मिमी येतो, ५५ला ५३ आणि ६५ला ४२.

ट्रेल जास्त असेल तर सायकल वेगात सरळ धावते, पण चढावर वेग मंदावला की हँडल बाजूला कलंडू पाहते. पुढे सामान असेल तर हा ओढा आणखी वाढतो. म्हणूनच हँडलसमोर बॅग घेऊन फिरण्याच्या फ्रेंच परंपरेतल्या सायकलींना कमी ट्रेल देत. अर्थात, स्थिरतेचे सारे श्रेय ट्रेलला देता येत नाही. ट्रेल किंचित ऋण असूनही आणि चाकांचा घूर्णी परिणाम (फिरत्या चाकाची आपला अक्ष टिकवण्याची प्रवृत्ती) रद्द करूनही सायकल स्वतःला सावरू शकते, हे २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातील एका प्रयोगाने दाखवले. वजन कुठे आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. पुढचे पॅनिअर (चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा) आसाच्या उंचीला, हँडलच्या अक्षालगत बसवले की तेच ओझे कितीतरी शांतपणे वाहून नेता येते.

फोर्कची लांबीही बघावी लागते. साध्या फोर्कच्या जागी २० मिमी लांब सस्पेन्शन फोर्क बसवला, तर पुढचा भाग उचलला जाऊन हेड ट्यूब साधारण एक अंशाने मागे कलते आणि ट्रेल वाढतो. सामान लावायचे असेल तर स्टीलचा, कॅरियरसाठी भोके असलेला फोर्क सोयीचा. कार्बन फोर्कवर कॅरियर लावण्याआधी उत्पादकाने त्यावर किती भार चालतो म्हटले आहे, ते पाहावे.

स्टेमने ट्रेलमध्ये काहीच फरक पडत नाही. ड्रॉप (खाली वाकलेल्या) हँडलबारच्या हुडवर, म्हणजे ब्रेकच्या दांड्याच्या वरच्या रबरी पकडीवर, ठेवलेला हात अक्षापासून आडवा २१० मिमी आणि पुढे १८० मिमी आहे असे समजा. स्टेम २० मिमीने आखूड केला, तर हाताचे अक्षापासूनचे अंतर २७७ वरून २६४ मिमी होते, म्हणजे जेमतेम पाच टक्के कमी. खरा फरक पडतो पाठ, मान आणि तळव्यांवरच्या भाराला. लांबच्या प्रवासात हा फरक मुळीच लहान नसतो. लांब स्टेमने चालकाचे वजन पुढच्या चाकाकडे सरकते, आखूड स्टेमने मागे येते.

क्विल स्टेमची (फोर्कच्या नळीच्या आत बसणाऱ्या जुन्या प्रकाराची) उंची नुसती वर-खाली सरकवून बदलता येते. फक्त किमान खोलीची खूण नळीबाहेर दिसता कामा नये. थ्रेडलेस प्रकारात (यात स्टेम नळीला बाहेरून आवळतो) मात्र फोर्कची नळी जिथे कापली तिथे उंचीची वरची मर्यादा जवळपास ठरून जाते. पुढे स्पेसर (नळीवर स्टेमच्या खाली-वर बसणाऱ्या कड्या) खाली-वर करणे किंवा स्टेम उलटा बसवणे, एवढाच वाव उरतो. त्यामुळे नवा फोर्क घेतल्यावर नळी लांबच ठेवावी, सामानासह काही दिवस सायकल चालवावी आणि उंची पक्की झाल्यावरच ती कापावी.