विस्थापित बालकांचे मानसिक आरोग्य

युद्ध किंवा सशस्त्र संघर्षामुळे घर सुटलेल्या मुलांच्या, विशेषतः सहा वर्षांखालील मुलांच्या, मनावर होणारे परिणाम व त्यांवरील उपाय. २०२३ अखेर जगात अशी सर्व वयांची मिळून सुमारे ४.७ कोटी मुले होती. नागपूरला विस्थापन नवे नाही. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे जरीपटक्यात वसली. आज नक्षल संघर्षाची झळ बसलेल्या गडचिरोली-बस्तरकडची माणसे उपचारांसाठी इथेच येतात, म्हणून इथल्या अंगणवाडीताईंना आणि बालरोगतज्ज्ञांना ही लक्षणे ओळखता आलीच पाहिजेत.

लहान मूल दुःख बोलून दाखवत नाही. सुटलेली सवय परतून ते अंथरूण ओले करू लागते, बोलू लागलेले असूनही अबोल होते, आईला क्षणभर सोडत नाही, पोट दुखते म्हणते, खेळात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा मांडते. सोनेगाव विमानतळाच्या बाजूला हेलिकॉप्टर उतरले किंवा दिवाळीचा सुतळी बॉम्ब फुटला की थिजते. गप्प बसणाऱ्या मुलाला लोक शहाणे म्हणतात आणि नेमके तेच नजरेतून सुटते.

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या बालगृहांत बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम यांना दिसले, की बॉम्बहल्ल्यांपेक्षा आईची ताटातूट मुलांना जास्त जाचते. म्हणून मूल आणि त्याचे माणूस एकत्र ठेवणे हा पहिला उपचार. पालक नसलेले मूल सापडल्यास १०९८ या बाल हेल्पलाइनवर कळवावे. कायद्याने त्याला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पुढे जेवण, अंघोळ, झोप यांच्या वेळा रोज त्याच ठेवाव्यात. मोठा आवाज होणार असेल तर आधी सांगावे. चित्रे, माती, पाणी खेळायला द्यावे, पण काय काढायचे ते सांगू नये.

‘काय झाले ते सांग’ असा आग्रह हानिकारक ठरू शकतो. झोपेसाठी बेन्झोडायझेपिन या शामक औषधांच्या गटातील गोळ्या मुलांना देऊ नयेत. आई खचली असेल तर तिच्यावरही उपचार हवेत. ती सावरल्याशिवाय मूल सावरणे कठीण.

लक्षणे महिन्यानंतरही टिकली, किंवा खाणे-खेळणे थांबले, तर नागपुरातील मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा एम्सच्या मानसोपचार विभागात न्यावे. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तपासणीत माडिया, गोंडी किंवा हलबी जाणणारा प्रौढ दुभाषी हवा. मोठ्या भावंडाला दुभाषी करू नये, कारण तेही त्याच प्रसंगातून आलेले असते.