कोकणची भरती आणि डेव्हिड थाउलेस

आधी मार्मागोव्याला पाणी भरतं, मग वेंगुर्ला, देवगड, रत्नागिरी, हर्णे असं वर सरकत भरती मुंबईला पोचते. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना ठोकताळा सर्वांना ठाऊक आहे : तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब चंद्राचा. पण एकाच तिथीला पाणी दक्षिणेकडूनच वर का येतं, याचं उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात आहे.

ते उत्तर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८७९ मध्ये दिलं. (भारतीय बंदरांच्या भरतीची भाकितं करणारं चाकांचं यंत्र लंडनमध्ये तयार झालं तेही त्याच वर्षी.) पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे रेटलं जातं. अरबी समुद्रात उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला कोकण. उत्तरेकडे निघालेली लाट त्यामुळे किनाऱ्याला चिकटून राहते, खोल समुद्राकडे तिची उंची उतरत जाते. दक्षिणेकडे निघालेल्या लाटेला असा आधारच नाही. किनारा धरून चालणारी ही लाट म्हणजे केल्विन लाट, आणि ती एकमार्गी असते ती अशी. भरतीच कशाला, वाऱ्यांनी बंगालच्या उपसागरात उठवलेल्या संथ लाटाही श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याने वर येतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या प्रवाहांवर मोठं काम केलं आहे.

शंभर वर्षं हा विषय समुद्रविज्ञानातच राहिला. त्याला नवा अर्थ मिळाला तो भलत्याच ठिकाणाहून.

१९८० मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फॉन क्लित्झिंग यांनी अतिथंड अर्धवाहकाच्या पातळ थरातला विद्युतरोध तीव्र चुंबकीय क्षेत्रात मोजला. तो सलग बदलत नव्हता, पायऱ्यापायऱ्यांनी बदलत होता, आणि प्रत्येक पायरी म्हणजे २५,८१२.८०७ ओहम भागिले एक पूर्णांक. नमुन्यात अशुद्धी असो, कडा वाकड्या असोत, आकडा ढळत नव्हता. खऱ्याखुऱ्या पदार्थात इतकी शिस्त यावी कुठून?

१९८२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड थाउलेस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दाखवलं की तो पूर्णांक म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या तरंगांना पडलेले वेढे आहेत. धक्क्यावरच्या खुंटाला होडीच्या दोराचे तीन वेढे दिले आणि दोन्ही टोकं बांधून टाकली, तर दोर सैल करा नाहीतर ताणा, वेढे तीनच राहतात. अडीच होत नाहीत. टोपोलॉजी, म्हणजे ताणलं-वाकवलं तरी जे बदलत नाही त्याचं गणित, पदार्थाच्या आत इतक्या थेटपणे कामाला आलेलं पाहून मला आजही थक्क व्हायला होतं. डंकन हॉल्डेन यांनी १९८८ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं : बाहेरून एकूण चुंबकीय क्षेत्र शून्य असलं तरी असे वेढे पडू शकतात. २०१६ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा थाउलेस यांना आणि उरलेला हॉल्डेन व मायकेल कोस्टरलिट्झ यांना मिळाला.

आता किनाऱ्याशी जोडणारा धागा. अशा पदार्थाच्या आतून प्रवाह वाहत नाही, तो कडेने वाहतो, आणि एकाच दिशेने. कडेला किती वाटा असतील हे आतले वेढे ठरवतात. वाटेत अडथळा आला तर प्रवाह त्याला वळसा घालतो, परत फिरत नाही.

वर्णन ओळखीचं वाटतं ना? २०१७ मध्ये पियेर देलप्लास, ब्रॅड मार्स्टन आणि आंतवान व्हेनाय या तिघांनी हेच गणित समुद्राला लावलं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम विषुववृत्तावर दिशा बदलतो, म्हणून विषुववृत्त हीच दोन वेगळ्या ‘पदार्थां’मधली कड. वेढ्यांचा फरक दोन निघतो, आणि विषुववृत्तावर पूर्वेकडेच ऊर्जा नेणाऱ्या लाटाही बरोबर दोन आहेत : केल्विन आणि यानाई. एल निन्योच्या आधी पॅसिफिक ओलांडणारी लाट हीच, केल्विन.

खरा किनारा मात्र सहजी वश झाला नाही. स्फटिकात अणू ठरावीक अंतरावर असतात, त्यामुळे तरंग किती बारीक असावा याला मर्यादा पडते. पाण्याच्या समीकरणांत ती नाही. परिणामी किनारा उभी भिंत मानला की भिंतीवरच्या अटी बदलताच लाटांची संख्या बदलते आणि आतल्या वेढ्यांशी हिशेब जुळत नाही. या संशोधनातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच. अडचण झाकली गेली नाही, तिच्यावरच काम झालं. २०२१ मध्ये व्हेनाय आणि देलप्लास यांनी भिंत सोडून उतरता तळ घेतला, समीकरणं नव्या रूपात मांडली, तेव्हा ती हॉल्डेन यांच्या प्रतिमानासारखी दिसली. किनाऱ्याची केल्विन लाटही वेढ्यांच्या मोजणीत बसली.

या गणिताने लाटेची दिशा आणि संख्या सांगता येते, उंची नाही. गोव्याला उधाणाची भरती-ओहोटी साधारण दोन मीटरची, मुंबईला पाच मीटरच्या आसपास. तो फरक मुंबईसमोरचा रुंद, उथळ खंडमंच (किनाऱ्यालगतचा समुद्रतळ) आणि उत्तरेला निमुळतं होत जाणारं खंबातचं आखात यांच्यामुळे पडतो.